हळदीच्या गोळ्या आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले आपण

इंदिरानगरची_सून
नणंदबाईंनी सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी हळदीच्या कॅप्सूल आणल्या, साठ गोळ्यांची बाटली बाराशे रुपयांना, आणि सासूबाईंना रक्त पातळ करायची गोळी आधीपासून चालू आहे. मी आमच्या डॉक्टरांना सहज विचारलं तर ते म्हणाले आधी ह्या कॅप्सूल थांबवा, दोन्ही एकत्र घेतलं तर रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो. घरी येऊन सांगितलं तर मीच वाईट, "हळदीने कधी कोणाचं वाकडं झालंय का?" म्हणे. माझं म्हणणं एवढंच की हळद भाजीत घाला, नवरीला लावा, देवाला वाहा, पण तिला उठसूट औषध करू नका. पी हळद नि हो गोरी ही म्हण आपल्याच आज्यांची ना? बोला आता.

पंचवटीकर_७२
अहो ताई काहीपण काय! हळदीत गुण नसते तर अमेरिकेत 1995 ला मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरने जखमेवर हळद लावायचं पेटंट कशाला घेतलं असतं? शेवटी आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने, तेव्हा माशेलकर सर प्रमुख होते, जुने संस्कृत ग्रंथ वगैरे पुरावे लावून 1997 ला ते रद्द करवलं. आमच्या लहानपणी विळीने बोट कापलं की आई डब्यातली चिमूट दाबून धरायची आणि वरून चिंधी, संपला विषय. तुम्हा लोकांना बाटलीतलं लाल औषध चालतं, आईची हळद नाही चालत.

इंदिरानगरची_सून
दादा, पेटंट रद्द झालं कारण ही गोष्ट आपल्याला आधीपासून माहीत होती, नवीन शोध नव्हता म्हणून. जखम किती भरते याचा निकाल नव्हता तो. आणि चिंधी घट्ट बांधल्यावर रक्त थांबणारच की, डब्यात तिखटाचा चमचा कितीदा गेलेला असतो ते वेगळंच.

रविवार_कारंजा_मसालेवाला
वडिलांपासून धंदा आहे म्हणून बोलतो. हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग देणारा मुख्य घटक, धरून चाला 3 टक्के, जातीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे 3 ग्रॅमचा चमचा टाकलात तर जेमतेम 90 मिलिग्रॅम, आणि तेही अंगी फारसं लागत नाही. कॅप्सूलमध्ये 500 मिलिग्रॅमचा अर्क असतो. ती हळद नाही राहिली ओ, ते वेगळंच प्रकरण झालं, नाव फक्त हळदीचं. बाकी सांगलीची घ्या, वायगावची घ्या, वसमतची घ्या, पण हळकुंडच घ्या आणि समोर दळून घ्या. हळकुंड फोडलं की आत गडद नारिंगी दिसलं पाहिजे, आणि वरून फारच चकचकीत पिवळं असेल तर मी तरी माल परत पाठवतो, पॉलिश करताना लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग मारणारे लोक आहेत, ते शिसं पोरांच्या पोटात जातं.

सातपूरचा_एमआर
बरोब्बर. त्यात कॅप्सूलवाले मिरीचा अर्क घालतात, कारण 1998 च्या बंगळुरूच्या अभ्यासात मिरीतल्या पाइपरीनने करक्युमिनचं शोषण 20 पट वाढलेलं दिसलं. पण हीच मिरी बाकीच्या काही औषधांचं प्रमाणपण रक्तात वाढवू शकते, हे बाटलीवर कोण लिहिणार? इटलीत 2019 ला असल्या गोळ्या खाऊन लिव्हरला सूज आलेल्या केसेस निघाल्या होत्या. मात्र ताई, एक तुमच्या विरोधात: गुडघेदुखीवर करक्युमिनचे छोटे छोटे अभ्यास झालेत आणि काही पेशंटना आराम पडलाय. तेव्हा अगदीच थोतांड म्हणू नका, फक्त सासूबाईंना नको.

काकू_नाशिकरोड
मला एक सांगा, व्हॉट्सअपवर व्हिडिओ आला होता की हळदीत चुना टाकला आणि लाल झाली म्हणजे भेसळ. आमच्या ह्यांनी करून बघितलं, लाल झाली, आणि अख्खा किलोचा डबा सकाळी घंटागाडीत! गिरणीवर एक तास उभी राहून दळून आणली होती हो मी.

रविवार_कारंजा_मसालेवाला
अरेरे काकू. शुद्ध हळदच चुन्याने लाल होते, कुंकू असंच तर करतात. हळदीचा डाग पडलेल्या ओढणीला साबण लावला की लाल होतो ते बघितलंय ना, तेच हे. न निघालेला डाग उन्हात वाळत घाला, फिका पडतो.

काकू_नाशिकरोड
आता ह्यांना वाचून दाखवते 😡

पंचवटीकर_७२
सगळं ठीक, पण खोकला झाला की हळद घातलेलं दूध पिऊन झोप लागते ही माझ्या घशाची साक्ष आहे, त्याला कुठला अभ्यास लागत नाही.

इंदिरानगरची_सून
प्या की दादा, मीपण पिते. गरम दुधानेच निम्मं काम होतं हे मात्र माझं मत.

नणंद_मीच_ती
वहिनी, आयडी काहीही घेतला तरी साठ गोळ्या आणि बाराशे रुपये वाचून ओळखलं मी. दुकानदार सील फोडलेली बाटली परत घेत नाही म्हणतोय. आईने कालपासून बंद केल्यात, पण तिला सांगितलंय की वहिनीमुळे नाही, डॉक्टरांमुळे. आणि त्या बाटलीचं काय करू ते बोल, फ्रीजच्या दारात माझ्या लोणच्याची जागा अडवून बसलीये.