मदत हवी आहे: समाजशास्त्रातून डिजिटल माध्यमांवर पीएचडी, वाट कोणती?

सागरगोटा (वेंगुर्ला)

नमस्कार मंडळी. बीएस्सी आयटी, मग एमए समाजशास्त्र, मुंबई विद्यापीठ, ५७ टक्के. वय २८. सध्या कंत्राटी नोकरी. निदान वर्षभर तरी जिल्हा सोडता येणार नाही. यूट्यूबवरच्या मालवणी चॅनलांवर पीएचडी करायची आहे.

१. नेट (यूजीसीची पात्रता परीक्षा) कुठल्या विषयातून द्यावी? यादीत 'इंटरनेट' किंवा 'डिजिटल मीडिया' असं काही दिसत नाही.
२. असा विषय घेणारे विभाग कुठे आहेत? परदेशाचा विचार आत्ताच करावा का?
३. शीर्षक 'कोकणातील तरुणांवर सोशल मीडियाचा परिणाम' असं योजलं आहे. चालेल?
४. कॉमेंट वगैरे डेटा कसा गोळा करतात?

कातळसडा

पहिल्याचं उत्तर. नेट समाजशास्त्रातूनच द्या, विषय क्रमांक ०५. ज्या विषयात एमए, त्याच विषयात नेट द्या अशी सूचनाच आहे. जनसंज्ञापन व पत्रकारिता (६३) बघून मोह होईल, पण पुढे प्राध्यापकीच्या अर्जाला तुमचं एमए आणि नेट जुळत नाही म्हणून कागद परत येतात. इंटरनेटचा अभ्यास आपल्याकडे स्वतंत्र विषय म्हणून उभाच नाही, तो समाजशास्त्र, माध्यम, डिझाइन, संगणक अशा चार घरी भाड्याने राहतो.

परीक्षा एकूण तीन तासांची. पहिला पेपर ५० प्रश्न, १०० गुण; दुसरा १०० प्रश्न, २०० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. जेआरएफला (संशोधनाची फेलोशिप, याच परीक्षेतून मिळते) वयाची अट ३० वर्षं, महिला आणि राखीव गटांना ५ वर्षांची सूट. खुल्या गटातले पुरुष असाल तर हातात मोजके प्रयत्न आहेत, परीक्षा वर्षातून दोनदा होते.

जेआरएफ हुकली तरी २०२४ पासून त्याच परीक्षेतून 'फक्त पीएचडी प्रवेश' अशी तिसरी पायरी आहे. तिथे नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन. हा निकाल एकच वर्ष चालतो. जिल्हा सोडता येत नसताना घाईने परीक्षा दिली तर निकाल कपाटात शिळा होईल. तारखा उलट्या मोजत या.

ओबीसी असाल तर एक खोच. नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. सेतूत मागितलं नाही तर राज्याचा नमुना हातात पडतो.

दादर_तुतारी

विभागांचं. आयआयटी मुंबईच्या मानव्यविद्या विभागात समाजशास्त्र आहे. देवनारच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) माध्यम आणि सांस्कृतिक अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे. पुणे विद्यापीठात माध्यम व संज्ञापन अभ्यास विभाग आहे. बंगळुरूच्या ट्रिपल-आयटीत (माहिती तंत्रज्ञान संस्था) तंत्रज्ञान आणि समाज यांच्या अभ्यासाला पीएचडीचं वेगळं क्षेत्रच आहे. आयटी + समाजशास्त्र ही तुमची जोडी तिथे सगळ्यात चपखल बसेल. कलिना (मुंबई विद्यापीठ) विसरू नका, पण तिथे विभाग बघून अर्ज करू नका, मार्गदर्शक बघून करा.

नोकरी सोडायची नसेल तर २०२२ च्या यूजीसी नियमांत अर्धवेळ पीएचडी आहे. मालकाचं ना-हरकत पत्र लागतं आणि त्यात अभ्यासाला वेळ देऊ असं लिहिलेलं असावं लागतं. कंत्राटी नोकरीत हेच पत्र अडतं: करार ११ महिन्यांचा आणि पीएचडी कमीत कमी ३ वर्षांची. आधी विचारून ठेवा. कोर्सवर्क (सुरुवातीचा वर्गातला अभ्यास) किमान १२ क्रेडिटचं, त्यासाठी मुंबईत जावंच लागेल.

पैसे: जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. ती नसेल तर बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास) यांच्या फेलोशिप. त्यांना नोंदणीचं पत्र आधी लागतं, म्हणजे पहिले काही महिने खिशातूनच.

परदेश आत्ता नको. ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटमध्ये 'सोशल सायन्स ऑफ द इंटरनेट' ही एमएस्सी आहे खरी, पण तुम्हाला दुसरी मास्टर्स कशाला? त्यापेक्षा ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या डिजिटल मेथड्स गटाची उन्हाळी किंवा जानेवारीतली कार्यशाळा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात करा. तोवर हातात स्वतःचा डेटा असेल, म्हणजे फी भरल्याचं सार्थक होईल.

पिठीभात

शीर्षक बदला. 'तरुणांवर परिणाम' म्हटलं की मुलाखतीत पहिला प्रश्न: कुठले तरुण, परिणाम कशाचा, मोजणार कसा? सोशल मीडियाआधीचे तेच तरुण तुलनेला आणणार कुठून? मालवणीत विचारायचं तर, तुका नेमक्या काय व्हया?

तुमच्याच चॅनलांकडे बघा. बोलणं मालवणी, शीर्षक मराठी किंवा रोमन लिपीत, थंबनेलवर इंग्रजी. एकाच व्हिडिओत तीन भाषा, प्रत्येक वेगळ्या गिऱ्हाइकासाठी. हा प्रश्न मोजता येतो: ३०-४० चॅनल, शीर्षकाची भाषा, लिपी, वर्ष, आणि सोबत १०-१२ चॅनलवाल्यांच्या मुलाखती. मुंबईतल्या चाकरमान्यासाठी शीर्षक लिहितात की गावातल्यासाठी, हे मुलाखतीतच कळेल.

चॅनल निवडायचा निकष आधी लिहून काढा. 'मालवणी' म्हणजे बोली की तालुका? दशावताराचं चित्रण टाकणारा चॅनल धरायचा का? निकष नंतर ठरवला की आवडते चॅनल आत येतात.

ओहोटी

चौथ्यावर जरा सविस्तर, कारण इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं.

यूट्यूबचा एपीआय (प्रोग्राम लिहून डेटा मागवायची सोय) दिवसाला १०,००० युनिट फुकट देतो, प्रत्येक मागणीला त्यातले काही खर्च होतात. 'सर्च' वापरलं की एका वेळेला १०० युनिट जातात, म्हणजे दिवसात फक्त १०० शोध, आणि सर्च सगळे व्हिडिओ देतही नाही. म्हणून सर्च टाळा. चॅनलचा आयडी 'यूसी' ने सुरू होतो. ती दोन अक्षरं 'यूयू' करा, की त्या चॅनलच्या सगळ्या अपलोडची प्लेलिस्ट मिळते. एका युनिटला ५० व्हिडिओ.

४० चॅनल, सरासरी ३०० व्हिडिओ, म्हणजे १२,००० व्हिडिओ. प्लेलिस्ट वाचायला २४० युनिट, व्ह्यू-लाइकचे आकडे आणायला पुन्हा २४०. कॉमेंट एका युनिटला जास्तीत जास्त १००, पण प्रत्येक व्हिडिओला निदान एक युनिट जातंच, म्हणजे किमान १२,०००. सगळं मिळून दोन दिवसांचं काम, गर्दीचे व्हिडिओ असतील तर आणखी. कॉमेंटखालची उत्तरं या फेरीत अर्धवटच येतात, ती वेगळी मागवावी लागतात. हे माहीत नसलं की भांडणाचे धागे मध्येच तुटलेले दिसतात, आणि माणसं एकमेकांना उत्तरच देत नाहीत असा भलताच निष्कर्ष निघतो.

नियमाची अडचण: साध्या एपीआयने घेतलेला डेटा ३० दिवसांपेक्षा जास्त साठवायला मनाई आहे, ताजा करा नाहीतर पुसा. पीएचडीला ते कसं जमणार? त्यासाठी यूट्यूबचा संशोधकांसाठीचा कार्यक्रम आहे, पण तो पदवी देणाऱ्या संस्थेशी जोडलेल्यांनाच. तेव्हा आत्ता फक्त चाचपणी करा: पाच चॅनल, शीर्षकं हाताने वहीत किंवा शीटमध्ये. प्रस्तावाला तेवढं पुरतं. फेसबुकच्या भरवशावर राहू नका, तिथल्या पोस्टचा डेटा देणारं क्राउडटँगल हे साधन १४ ऑगस्ट २०२४ ला बंद झालं.

एक्सेलचे दोन सापळे. सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून उघडली तर देवनागरीच्या जागी कचरा दिसतो. डेटा टॅबमधून आयात करा आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडा. दुसरा: काही व्हिडिओ आयडी वजाच्या चिन्हाने सुरू होतात. एक्सेल त्याला सूत्र समजतं आणि 'नेम' ची चूक दाखवतं. सेव्ह केलंत की आयडी कायमचा गेला. आयात करताना तो रकाना 'टेक्स्ट' ठेवा, मूळ फाइल वेगळी ठेवा.

भावना मोजणारी तयार मराठी मॉडेलं (पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाची वगैरे) जपून वापरा. त्यांचा महासेंट हा संच महाराष्ट्रातल्या व्यक्तींच्या ट्वीटवरून केलेला आहे. 'मेल्या, कितक्या बरा करतंस' ही शाबासकी त्याला शिवी वाटली तर दोष मॉडेलचा नाही. ३०० कॉमेंट दोघांनी वेगवेगळ्या हाताने तपासा, मग मॉडेलशी ताडा.

मिरकरवाडा

विषय मालवणी चॅनलच का, मासळीच्या भावाचे व्हॉट्सअप ग्रुप का नकोत? जेन्सन यांचा २००७ चा केरळवरचा अभ्यास सगळे सांगतात: मोबाइल आला, बंदराबंदरातला सार्डिनच्या भावाचा फरक घटला. आपल्याकडे दलालाकडून उचल घेतलेल्या बोटवाल्याला हर्णै बंदराचा भाव फोनवर कळून उपयोग काय? मासळी उतरणार ठरलेल्या दलालाकडेच. हा प्रश्न मला जास्त वजनदार वाटतो.

ओहोटी

प्रश्न वजनदार, डेटा अवघड. बंद ग्रुपमध्ये ॲडमिनची परवानगी म्हणजे सगळ्यांची संमती नव्हे. ग्रुपमध्ये कोण कोणाचा देणेकरी हे दिसतं, ते छापून आलं की माणसाचा धंदा बसतो. पहिल्या पीएचडीला चॅनल बरे.

तिथेही कॉमेंट जशीच्या तशी छापू नका. अवतरण शोधयंत्रात टाकलं की माणूस सापडू शकतो, आणि आपल्याकडे आडनाव अधिक वाडी म्हणजे पूर्ण पत्ता. आशय सांगा, शब्द बदला.

सागरगोटा

मंडळी, धन्यवाद. ग्रुप सोडले, चॅनलच घेतो. निकष: बोलणं मालवणी, चॅनलवाला कुठेही राहो. काल वहीत ३४ चॅनल झाले. मार्गदर्शकांना मेल कधी आणि काय पाठवू?

दादर_तुतारी

जाहिरात यायच्या आधी, पण रिकाम्या हाताने नको. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी नाही. म्हणून पहिल्याच मेलमध्ये 'यंदा जागा आहे का' हे सरळ विचारा, त्यात उद्धटपणा काही नाही.

मेल १५० शब्दांचा, सोबत दोन पानांची एकच पीडीएफ: प्रश्न, ३४ चॅनलचा निकष, पाच चॅनलच्या शीर्षकांचा छोटा तक्ता, डेटा कुठून, काय अडेल. तक्ता सोडू नका, बाकीच्यांच्या प्रस्तावात तोच नसतो. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. आणि मुलाखतीची तारीख गणपतीत पडली तर तुतारीचं तिकीट मिळेल या भ्रमात राहू नका, एसटीचं आरक्षण पण आधीच करा.