सायकलवाल्यांना सप्लिमेंट्स लागतात का? माझं मत: नाही

भाकरतुकडा

गेल्या महिन्यात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी केली. तेव्हापासून ग्रुपवर एकच धोशा सुरू आहे: "आता ६०० करायची तर व्हे (दुधातल्या प्रोटीनची पावडर), बीसीएए (अमिनो आम्लांची पावडर), मल्टिव्हिटॅमिन चालू कर." एकाने यादीच पाठवली. बेरीज केली तर महिन्याला साडेचार हजार रुपये.

मला हे अजिबात पटत नाही. त्या दिवशी पहाटे घरून पोहे आणि चहा घेऊन निघालो. खिशात राजगिऱ्याच्या वड्या आणि खजूर. शिरवळला दोन केळी, खंबाटकी उतरल्यावर लिंबू सरबत, वाईला दहीभात. पसरणी घाटात मांड्या भरून आल्या, पण अंगातली ताकद संपली असं एकदाही झालं नाही. रोजचं जेवण चौरस असेल तर डब्यातली पावडर कशाला? नवीन पोरं ब्रेक पॅड बदलायला पैसे नाहीत म्हणतात आणि पहिल्याच महिन्यात दोन किलोचा डबा आणतात, हे बघून वाईट वाटतं म्हणून लिहिलं. विरोधी मतं जरूर मांडा.

अनुस्वार

मांडते. मी जन्मापासून शाकाहारी, अंडंही खात नाही. वरण-भात, पोळी-भाजी, कोशिंबीर, ताक, म्हणजे तुम्ही म्हणता तो चौरस आहारच. दोन वर्षांपूर्वी लांबच्या राइडला तळपायांना मुंग्या यायला लागल्या. बूट घट्ट असतील म्हणून एक नंबर मोठे घेतले. क्लीट (बुटाच्या तळाचे, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) मागे सरकवले, सॅडल बदललं. पुढे घरी भाजी निवडत बसले तरी मुंग्या यायच्या, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. व्हिटॅमिन बी१२ निघालं १४२. साधारण २००च्या खाली कमतरता धरतात.

बी१२ डाळीत, भाजीत, फळात नसतं. शाकाहारी माणसाला ते दुधादह्यातूनच मिळतं आणि वाटीभर पातळ ताकात ते किती असणार? इंजेक्शनं घेतली, मग गोळ्या. मुंग्या पूर्ण थांबायला चार महिने लागले. "घरचं जेवण पुरतं" यावर विश्वास ठेवल्यामुळेच मी एवढा उशीर केला, म्हणून हे वाक्य वाचून राहवलं नाही.

मुलींनी फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासावं. माझं हिमोग्लोबिन १२.१, रिपोर्टवर कुठे लाल खूण नाही, आणि फेरिटिन फक्त ९, म्हणजे साठा जवळपास रिकामा. घाटात दम लागायचा तो सराव कमी म्हणून नव्हे. जेवणानंतर लगेच चहा घ्यायची सवय होती, त्याने जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. ती सवय आधी मोडली.

दुसरा_गिअर

अनुस्वार यांना अनुमोदन, आणि प्रोटीनबद्दल माझंही ऐका. माझं वजन ६५ किलो. आठवड्याला अडीचशे किलोमीटर चालवणाऱ्याला किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं, म्हणजे दिवसाला शंभरेक ग्रॅम. आपलं वरण पातळ असतं, एका वाटीत पाच-सहा ग्रॅम मिळालं तरी खूप. सकाळी साडेचारला राइड, नऊला ऑफिस, रात्री आठला घरी. यात मी उसळी कधी भिजत घालू? व्हे म्हणजे तरी काय, दूध फाटल्यावर उरतं त्या पाण्यातलं प्रोटीन. एका चमच्यात २४ ग्रॅम. त्याला औषधासारखं घाबरायचं कारण नाही.

भाकरतुकडा

सोयीसाठी घेता, हे मान्य. पण "सोयीचं" आणि "लागतंच" यात फरक आहे आणि दुकानदार तो सांगत नाही. मूठभर शेंगदाणे सात-आठ ग्रॅम, दोन अंडी बारा, घट्ट उसळीची मोठी वाटी दहा, दोन पेले दूध तेरा-चौदा, पन्नास ग्रॅम सोया वड्या पंचवीस. त्यात पोळ्या, डाळ-भात धरा. शंभरला पोचायला अवघड जात नाही, फक्त आदल्या रात्री आठवणीने मूग भिजवावे लागतात. आणि व्हे घेत असाल तर बीसीएएचा वेगळा डबा कशाला? ती अमिनो आम्लं व्हेमध्ये असतातच.

घाटमाथा

धाग्यात मिठाचं कुणी बोललंच नाही. मे महिन्यात सासवडच्या बाजूला १५० किलोमीटर केले, दिवसभरात सात लिटर साधं पाणी प्यायलो. डोकं जड, उलट्या, बोटं इतकी सुजली की अंगठी निघेना. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायलो. रक्तातलं सोडियम उतरलं होतं. तेव्हापासून उन्हाळ्यात एका बाटलीत ओआरएस असतंच.

पण पुडी बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. नावात ओआरएस लावलेली गोड पेयं दुकानात सर्रास मिळायची, ते नाव वापरायला एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली. आणि ओआरएसने पोट भरत नाही. लांबच्या राइडला तासाला साठ ग्रॅमपर्यंत कार्बोहायड्रेट लागतं, एका केळ्यात पंचवीसेक ग्रॅम. त्यामुळे राजगिऱ्याच्या वडीला माझा पूर्ण पाठिंबा. एनर्जी जेलने मला मळमळतं.

स्पर्धेत उतरणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: पावडरमध्ये लेबलवर न लिहिलेला बंदी असलेला घटक निघाला आणि डोपिंग चाचणीत सापडला, तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. जबाबदारी खेळाडूची.

दुसरा_गिअर

हे मान्य. पण व्हिटॅमिन डी तरी सगळ्यांनी घ्यावं. पहाटे निघतो, पूर्ण बाह्यांचे कपडे, ऊन लागतंच कुठे?

अनुस्वार

तपासल्याशिवाय नको! आमच्या ग्रुपमधल्या एकाने ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी वर्षभर घेतली. डॉक्टरांनी आठच आठवडे लिहून दिली होती. कॅल्शियम वाढलं आणि दवाखान्यात राहावं लागलं.

भाकरतुकडा

अनुस्वार, तुमच्या मुंग्यांचं दोनदा वाचलं. मी अंडी खातो, पण बायको खात नाही आणि तीही दर रविवारी माझ्याबरोबर पन्नास किलोमीटर येते. हाताला मुंग्या येतात म्हणत होती, मी हँडलबारची टेप जाड करून दिली. उद्या सकाळी दोघांचंही बी१२ तपासायला देतोय. शीर्षकातला "नाही" तेवढ्यापुरता मागे घेतो. पावडरबद्दल मात्र मत तेच आहे.