मदत हवी आहे: बडोदा संस्थानातली १९०१ ची खानेसुमारी

आमचे खापरपणजोबा कडी प्रांतात शाळामास्तर होते. १ मार्च १९०१ च्या रात्री त्यांनी एका गावाची गणती केली. त्यांची मोडीतली वही माळ्यावर सापडली. घर नंबर, माणसं, आणि पानोपानी एकच शब्द: ‘कुलूप’. वाचताना गलबलून येतं. छप्पनियाच्या, म्हणजे संवत १९५६ (इ.स. १८९९-१९००) च्या दुष्काळानंतरची ती मोजणी. १८९१ ला संस्थानात २४,१५,३९६ माणसं होती, १९०१ ला उरली १९,५२,६९२. छापील अहवालात तालुक्यापर्यंतचे आकडे मिळतात, मला त्या गावातली घरं हवी आहेत. वडोदऱ्याच्या दप्तरखान्यात गावनिहाय कागद कुणी पाहिलेत का? अर्ज कसा करायचा? आणि वहीत काही नावांपुढे बारीक फुली आहे, तिचा अर्थ मोडी जाणणारं कुणी सांगेल का? फोटो पाठवते.