अंगावर पाजताना स्तनात गाठ आणि ताप: गरम शेक की थंड? दूध उपसत राहायचं का?

मैत्रेयी_क
बहिणीचं बाळ तीन आठवड्यांचं आहे. कालपासून उजव्या स्तनाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग लाल, कडक आणि गरम झालाय. रात्री हुडहुडी भरून १०१.५ ताप आला. घरात सगळे सांगतात की गरम शेक दे, गाठ जोर लावून चोळ आणि पाजून झालं की पंपाने उरलेलं सगळं दूध काढ. तेच चाललंय, पण गाठ मऊ व्हायच्या ऐवजी पसरतेय. नेमकं काय करावं? आणि बाळाला त्या बाजूने पाजलेलं चालेल का?

स्तनपान_समुपदेशक
मैत्रेयीताई, चोळणं आणि जास्तीचं पंपिंग आजच थांबवा. गाठ पसरतेय ती बहुधा त्यामुळेच.

दुधाच्या नळ्या खूप बारीक असतात आणि त्यांचं जाळं एकमेकांत गुंतलेलं असतं. बहिणीला झालाय त्या स्तनदाहात (मॅस्टायटिसमध्ये) नळ्यांच्या भोवतीचा भाग सुजतो आणि ती सूज नळ्यांना बाहेरून दाबते. हाताला लागते ती गाठ म्हणजे ही सूज. दाबून बाहेर काढता येईल असं आत काही अडकलेलं नसतं. जोरात चोळलं की बारीक रक्तवाहिन्या फुटतात, सूज वाढते आणि नळ्या आणखी दाबल्या जातात. पंपाचंही तसंच. जेवढं दूध काढाल तेवढं शरीर नवीन बनवतं, म्हणजे सुजलेल्या जागेत दुधाची भर पडत राहते. पूर्वी 'स्तन पूर्ण रिकामा करा' असंच शिकवलं जायचं. २०२२ मध्ये अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेने मार्गदर्शक सूचना बदलल्या, त्यात हा सल्ला मागे घेतलाय.

पाजणं मात्र नेहमीसारखंच चालू ठेवा. दोन्ही बाजूंनी, बाळ मागेल तेव्हा. दुखऱ्या बाजूने मुद्दाम जास्त वेळाही पाजू नका. बर्फ किंवा थंड पॅक कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं ठेवा, दर एक-दोन तासांनी चालेल. गरम शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज वाढू शकते. पान्हा फुटायला कुणाला ऊब बरी वाटत असेल तर पाजायच्या आधी एखादं मिनिट, त्याहून जास्त नको.

हात फिरवायचाच असेल तर मांजराच्या पाठीवरून फिरवतो तितका हलका. दिशा काखेकडे आणि गळपट्टीच्या हाडाकडे, कारण सुजेत साचलेलं पाणी लसीकावाहिन्यांतून (ते वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) तिकडेच निघून जातं. बोंडीकडे ढकलायचं नाही.

स्तन इतका ताठला असेल की बाळाला तोंडात धरता येत नाही, तर बोंडीभोवती बोटांची टोकं ठेवून छातीच्या दिशेने मिनिटभर स्थिर दाब द्या. काळा भाग मऊ पडतो. तरी जमलं नाही तर हाताने थोडंसं दूध काढा, बाळाला पकड घेता येईल एवढंच.

डॉ_प्रसूतीतज्ज्ञ
वरच्या सल्ल्याशी सहमत. औषधांचं सांगते.

इबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दर ८ तासांनी. हे ताप आणि सूज दोन्हींवर काम करतं आणि दुधात अत्यल्प उतरतं. पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम दर ६ तासांनी सोबत घेता येतं, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, प्रसूतीच्या वेळी वाढलेला रक्तदाब किंवा वेदनाशामकांनी उसळणारा दमा असेल तर इबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ॲस्पिरिन टाळा.

ताप आला म्हणजे जंतुसंसर्गच असं नाही, नुसत्या सुजेनेही हुडहुडी भरते. पण वरचे उपाय नीट करून २४ तासांत उतार पडला नाही, लाली पसरत गेली किंवा बोंडीच्या चिरेतून पू येत असेल, तर अँटीबायोटिक लागतं. तब्येत जास्तच बिघडत असेल तर २४ तासही थांबू नका.

बहुतेक वेळा जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो. त्यासाठी फ्लुक्लॉक्सासिलिन, डायक्लॉक्सासिलिन किंवा सेफॅलेक्सिन, ५०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, १० ते १४ दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिनसारखं दुसरं औषध. घरात उरलेलं साधं अमॉक्सिसिलिन सुरू करण्याची चूक फार होते. हा जंतू बहुधा त्याला निकामी करणारं विकर (एन्झाइम) तयार करतो, त्यामुळे दोन-तीन दिवस वाया जातात. तपासून घेऊन चिठ्ठीवरच औषध घ्या.

४८ तासांत फरक नाही पडला तर दुधाचं कल्चर (त्यात कोणता जंतू वाढतो ते पाहणारी तपासणी) करायला सांगा. बोंडी धुऊन, पहिले काही थेंब टाकून, पुढचं दूध निर्जंतुक डबीत हाताने काढायचं. डबीची कड त्वचेला लागली तर त्वचेवरचेच जंतू अहवालात येतात.

मैत्रेयी_क
खूप आभार. पंप बंद केला, बर्फ सुरू केलाय. बाळ उजव्या बाजूला तोंड लावतं आणि लगेच सोडून रडतं. ती बाजू काही दिवस बंद ठेवली तर?

परिचारिका_नवजात
एकदम बंद करू नका. दूध साचून राहिलं तर गळू होण्याचा धोका वाढतो. दाह झालेल्या बाजूच्या दुधात सोडियम वाढतं, म्हणून ते खारट लागतं, शिवाय धारही मंदावते. त्यामुळे बाळ कुरकुरतं. दूध खराब झालेलं नसतं आणि अँटीबायोटिक चालू असतानाही ते पाजता येतं. बाळाला एखादवेळी शी पातळ होऊ शकते, एवढंच. बाळ अर्धवट झोपेत असताना त्या बाजूला घेऊन पाहा. अजिबातच घेत नसेल तर एरवी ते जेवढं प्यालं असतं तेवढंच दूध काढा आणि वाटी-चमच्याने पाजा.

पुढे पंप वापरायची वेळ आली तर त्याचं फनेल (स्तनावर लावायचा भाग) तपासा. बोंडी नळीत मोकळी पुढेमागे व्हायला हवी, भोवतालचा काळा भाग आत ओढला जाता कामा नये. पंपासोबत येणारं माप सगळ्यांना बसतंच असं नाही. बोंडीच्या टोकावर पांढरा ठिपका दिसला तर सुईने फोडू नका, जखम होऊन तीच जागा पुन्हा बंद होते.

डॉ_प्रसूतीतज्ज्ञ
एक राहिलं. ताप उतरला पण गाठ तशीच कडक आहे, किंवा मधोमध दाबल्यावर पाणी हलल्यासारखं लागतंय, तर सोनोग्राफी करा. अँटीबायोटिकने ताप झाकला जातो आणि आत गळू तयार होत राहतं. तो भाग बधिर करून सुईने पू काढतात, कधी दोन-तीनदा काढावा लागतो. मोठं गळू असेल तर छोटा छेद देऊन नळी ठेवतात. दोन्हींत त्याच स्तनाने पाजणं चालू ठेवता येतं.

नाडी फार जलद, धाप, लघवी कमी, ग्लानी किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. आणि पूर्ण उपचारांनंतरही लाली टिकून राहिली, त्वचा जाड होऊन तिच्यावर बारीक खळगे दिसू लागले, तर स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार असाच दिसतो, म्हणून बायोप्सी (तिथला छोटा तुकडा काढून तपासणं) टाळू नये. अशी वेळ क्वचित येते, पण 'पाजतेय म्हणून असेल' असं धरून चालण्यात महिने जातात.

स्तनपान_समुपदेशक
ताप गेल्यावरही थोडी कडक जागा एक-दोन आठवडे हाताला लागू शकते. ती दिवसागणिक लहान होत असेल तर ठीक. त्या बाजूचं दूध काही दिवस कमी वाटेल, ते भरून काढायला पुन्हा पंपाच्या मागे लागू नका. बाळ नियमित चोखत राहिलं की हळूहळू पूर्ववत होतं.