शिक्षा: मराठीत दंड, हिंदीत शिक्षण?

कुतूहल: हिंदीत ‘शिक्षा मंत्रालय’ म्हणजे शिक्षण खातं, मराठीत शिक्षा तुरुंगाची. शब्द एकच की दोन?

आडवाट: एकच. संस्कृत ‘शक्’ (समर्थ असणे) धातूचं इच्छार्थक रूप ‘शिक्ष्’: समर्थ होऊ पाहणे, म्हणून शिकणे. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचं नावही ‘शिक्षा’च. तैत्तिरीय उपनिषदात त्याचे विषय मोजून दिलेत: वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम, संतान. प्राकृत ‘सिक्ख’मधून आपलं ‘शिकणे’ आणि हिंदीचं ‘सीखना’ आलं.

नंदा_के: दंडाचा अर्थ एकट्या मराठीत नाही हं. कन्नड ‘शिक्षे’, तेलुगू-मल्याळम ‘शिक्ष’ म्हणजेही दंडच. बंगालीत मात्र शिक्षण. समुद्रापलीकडे तर कहर: थाई ‘सुक्सा’ म्हणजे अभ्यास, मलय-इंडोनेशियन ‘सिक्सा’ म्हणजे यातना! शिकवणे, वळण लावणे, मग त्यासाठी चोप देणे, अशी अर्थाची घसरण दिसते.

मुद्रितशोधक: भाषांतरात इथेच घोळ होतो. हिंदी ‘उच्च शिक्षा’ तशीच ठेवली तर मराठी वाचकाला जबर दंड वाटेल. ‘उच्च शिक्षण’ करा. उलट दिशेने, ‘शिक्षा झाली’चं ‘सज़ा हुई’. ‘शिक्षक’ दोन्हीकडे शिक्षकच, त्याला हात लावू नका.