मदत हवी आहे: बाबांचा पंप आणि आजीची गोळी, पेशीला फरक कसा कळतो?

शिकवणीवाली, फोंडा

नमस्कार मंडळी,

अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. संप्रेरकांचा धडा चालू आहे. अ‍ॅड्रेनलिन आलं की छाती धडधडते, श्वासनलिका मोकळ्या होतात, इथपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका मुलीने हात वर केला.

तिच्या बाबांना दमा आहे. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरली की त्यांचा निळा पंप हातातून सुटत नाही, आणि हल्ली ‘पूर्वीसारखा गुण येत नाही’ अशी कुरकुर असते. आजीला रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल आहे. डॉक्टरांनी तिला बजावलंय की ही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही, धडधड उसळून येईल. मुलीने कुठेतरी वाचलं की पंपातल्या सॅल्ब्युटामॉलने बीटा रिसेप्टर (पेशीवरची, अ‍ॅड्रेनलिन पकडणारी प्रथिनं) कमी होतात आणि आजीच्या गोळीने वाढतात. तिचा प्रश्न असा: दोन्ही औषधं रिसेप्टरच्या त्याच खोबणीत बसतात ना? म्हणजे जागा दोन्ही वेळा भरलेलीच. मग आत कोण बसलंय हे पेशीला कळतं कसं?

माझंही घोडं इथेच अडलंय. जी-प्रोटीन, सायक्लिक एएमपी हे पेशीच्या आत निरोप पुढे नेणारे रेणू मला ठाऊक आहेत, त्याच्या पुढचं हवंय. औषधांचा सल्ला नको, त्यांचे डॉक्टर आहेत.

पेडणेकर

सोपं आहे हो. कुठलंही औषध जास्त घेतलं की शरीराला सवय होते.

शिकवणीवाली, फोंडा

पेडणेकर, ‘सवय होते’ म्हणजे पेशीत नेमकं काय होतं, तेच तर विचारतेय! शिवाय आजीच्या बाबतीत उलटं का?

पठारावरचा

त्या मुलीला शाबासकी द्या. प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे.

आधी फळ्यावरचं कुलूप-किल्लीचं चित्र पुसून टाका, सगळा घोटाळा त्यानेच होतो. कुलूप जागेवर स्थिर असतं, रिसेप्टर नसतो. बीटा-२ रिसेप्टर ही ४१३ अमिनो आम्लांची साखळी, पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेली. ती सतत हलत असते. अ‍ॅड्रेनलिन किंवा सॅल्ब्युटामॉल बाहेरच्या बाजूने खोबणीत बसलं की सहाव्या वेटोळ्याचं आतलं टोक बाहेर सरकतं. २०११मध्ये रिसेप्टर आणि जी-प्रोटीन यांची एकत्र रचना मिळाली, तेव्हा हे सरकणं १४ अँगस्ट्रॉम भरलं. रेणूच्या मानाने ही मोठी हालचाल आहे. त्या मोकळ्या झालेल्या जागेत जी-प्रोटीन शिरतं आणि पुढे सायक्लिक एएमपी तयार होतं. आजीच्या गोळीसारखा बीटा ब्लॉकर खोबणी भरतो, पण आतलं टोक सरकू देत नाही.

म्हणजे बाहेर कोण बसलंय याच्याशी पेशीला देणंघेणं नाही. आतल्या बाजूने आकार बदलला की नाही, एवढंच तिला कळतं. जीआरके नावाची किनेज एंझाइम्स सरकलेल्या आकाराचाच रिसेप्टर पकडतात आणि त्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतात. त्या फॉस्फेटांवर बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि जी-प्रोटीनची वाट अडते. हे काही सेकंदांत, फार तर मिनिटांत होतं. रिसेप्टर अजून पृष्ठभागावरच आहे, फक्त मुका झालाय.

औषध टिकून राहिलं तर अरेस्टिन त्या रिसेप्टरला पटलावरच्या, क्लॅथ्रिन या प्रथिनाने बनलेल्या खड्ड्यात ओढतं, डायनामिन नावाचं प्रथिन त्या खड्ड्याचं तोंड आवळून पिशवी तोडतं आणि रिसेप्टर पेशीच्या आत जातो. तिथे फॉस्फेट निघतात आणि बरेचसे रिसेप्टर ताजेतवाने होऊन परत वर येतात. ‘आत गेला म्हणजे संपला’ असं मुलांना सांगू नका. मारा तासन्‌तास चालला तर मात्र काहींवर युबिक्विटिनचा, म्हणजे ‘मोडीत काढा’ असा शिक्का बसतो आणि ते लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या मोडतोडीच्या पिशवीत, मोडले जातात. त्यांचा एमआरएनए, म्हणजे ते बनवायचा जनुकाचा संदेशही लवकर नासायला लागतो. खरी संख्या घटते ती इथे. मग भरपाई नव्या प्रथिनांनीच होते आणि त्याला वेळ लागतो.

आता आजी. रिसेप्टर बनणं आणि मोडणं आपण स्वस्थ बसलो तरी चालूच असतं, कारण थोडं नॉरअ‍ॅड्रेनलिन (अ‍ॅड्रेनलिनचंच भावंड) कायम हजर असतं. गोळीने आकार बदलणं थांबलं की मोडणं मंदावतं, बनणं चालू राहतं आणि संख्या साचते. गोळी असेपर्यंत त्याचा त्रास नाही. ती एकदम सोडली तर औषध एक-दोन दिवसांत उतरतं, वाढलेले रिसेप्टर मात्र उतरायला अधिक दिवस घेतात. तेवढ्याच अ‍ॅड्रेनलिनने मग हृदय जास्त उसळतं.

एक भर: हृदयात बीटा-१चं प्राबल्य, श्वासनलिकेत बीटा-२चं. पद्धत सारखी, पण बीटा-१ त्यामानाने कमी आत जातो. ज्या लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांनी या रिसेप्टरांवर आयुष्य घातलं, त्यांना २०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांना नावं सांगा, परीक्षेत येवोत न येवोत.

डॉक्टर डिचोलीकर

वरचं सगळं बरोबर, पण बाबांचं दुखणं एकट्या रिसेप्टरवर ढकलू नका. श्वासनलिकेच्या स्नायूत गरजेपेक्षा बरेच जास्त रिसेप्टर असतात, म्हणून काही घटले तरी पंप चालतो. निळा पंप सारखा लागतोय याचा पहिला अर्थ आतली सूज आटोक्यात नाही असा घ्यायचा. नुसत्या निळ्या पंपावर दमा काढू नये, असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१९पासून सांगतात. सोबत श्वासावाटे घ्यायचं स्टिरॉइड हवं. ते सूज उतरवतं आणि बीटा-२च्या जनुकाचं वाचनही वाढवतं, म्हणजे नवे रिसेप्टर येतात. बाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे लवकर पाठवा. आणि आजीची गोळी चुकूनही बाबांच्या हाती नको. दम्यात बीटा ब्लॉकरने श्वासनलिका आवळू शकते, प्रोप्रॅनोलॉल या दुसऱ्या बीटा ब्लॉकरने तर नक्कीच भीती असते.

शिकवणीवाली, फोंडा

पठारावरचे दादा आणि डॉक्टर, दोघांचे मनापासून आभार. ‘मुका झालाय’ उद्या फळ्यावर जाणार. तिच्या बाबांपर्यंत निरोपही पोचवते. एकच उरलं: हृदय कमजोर झालेल्यांनाही बीटा ब्लॉकर देतात म्हणे. आधीच थकलेल्या हृदयाला लगाम कशाला?

डॉक्टर डिचोलीकर

पूर्वी तिथे ही गोळी वर्ज्यच होती. पण कमजोर हृदयावर नॉरअ‍ॅड्रेनलिनचा मारा सतत असतो, जीआरके-२ वाढतं आणि बीटा-१ घटतात. निरोगी हृदयात बीटा-१ आणि बीटा-२ साधारण ८०:२० असतात, ते ६०:४०च्या आसपास येतात. १९९९च्या मेरिट-एचएफ चाचणीत मेटोप्रोलॉलने मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. अगदी थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू चढवायची असते.

पठारावरचा

बाई, इथे ‘रिसेप्टर परत वाढतात म्हणून गुण येतो’ असं सरळ लिहून देऊ नका. मेटोप्रोलॉलने ते वाढतात, कार्व्हेडिलॉल या दुसऱ्या बीटा ब्लॉकरने तसे वाढत नाहीत, तरी रुग्णांना फायदा दोन्हींचा होतो. सततच्या माऱ्यापासून हृदयाच्या पेशी वाचतात, हा भाग मोठा आहे.

पेडणेकर

माझं ‘सवय होते’ मागे घेतो. धागा वाचनखुणेत टाकलाय.