'नागरी समाज' की 'स्वयंसेवी संस्था'?

मोरपंखी:
लोकशाहीच्या प्रसारासाठी दिल्या जाणाऱ्या परदेशी मदतीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'सिव्हिल सोसायटी'ला मी सगळीकडे 'नागरी समाज' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'स्वयंसेवी संस्था' केलं. लेखात पोलंडची सॉलिडॅरिटी आहे. ती कामगार संघटना, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेचा पैसाही तिला अमेरिकेतल्या कामगार संघटनांमार्फत गेला. तिला स्वयंसेवी संस्था कसं म्हणू?

तळटीप:
म्हणू नका. चर्च, वकिलांच्या संघटना, विद्यार्थी चळवळी हे सगळं 'सिव्हिल सोसायटी'त येतं. पैसा मात्र बहुतेक वेळा जिथे नोंदणी, कार्यालय आणि हिशेबतपासणी आहे तिथेच पोचतो. समाजाच्या नावाने निघालेली मदत संस्थांपाशी थांबते, हा तर या मदतीवरचा मोठा आक्षेप. दोन्हींना एकच शब्द वापरला तर वाचकाला आक्षेप कळणारच नाही.

जुनापिंपळ:
'नागरी'ही नको. नागरी वस्ती, नागरी सुविधा, म्हणजे शहरीच ना? शेतकऱ्यांची संघटना त्यात कुठे बसवणार? 'लोकसमाज' म्हणा.

आडवाट:
'नागरिक'ही नगरातूनच आला, पण खेड्यातला माणूस नागरिक नाही असं कुणी म्हणत नाही. रुळलेला शब्द आहे, राहू द्या.

जुनापिंपळ:
रुळला म्हणजे बरोबर झाला का? मग 'फॉरेन एजंट'चं 'परकीय हस्तक' करतात, तेही बरोबर?

तळटीप:
मुळीच नाही. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यात एजंट म्हणजे परदेशी धन्याच्या वतीने काम करणारा. रशियाच्या २०१२ च्या कायद्यात कुणाच्या सांगण्यावरून काम केलं हे सिद्ध करायची गरजच नव्हती. परदेशी पैसा आणि 'राजकीय कार्य', एवढं पुरे होतं.

आडवाट:
म्हणूनच 'हस्तक' चपखल आहे. रशियन माणसाला 'फॉरेन एजंट' या शब्दांत सोव्हिएत काळातला हेर ऐकू येतो. कायदा लागू होताच मॉस्कोत 'मेमोरियल'च्या इमारतीवर तेच दोन शब्द रंगवले गेले. स्टालिनच्या काळात मारल्या गेलेल्यांच्या नोंदी जपणारी ही संस्था! डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने ती बंद केली, ती आपल्या मजकुरावर तो शिक्का छापला नाही या आरोपावरून. इथे एजंटला नुसतं 'अभिकर्ता' लिहिलंत तर त्यातलं विष वाचकापर्यंत पोचणारच नाही.

तळटीप:
आणि 'हस्तक' लिहिलंत तर अनुवादक सरकारचा आरोप स्वतःच्या तोंडाने करतो. 'परदेशी एजंट' लिहा, अर्थ पुढच्या वाक्यात उलगडा.

सांजवात:
जॉर्जिया देशाचं काय कराल? २०२४ च्या तिथल्या कायद्यात 'एजंट' नाहीच. उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून जास्त पैसा परदेशी असला की 'परकीय सत्तेचे हितसंबंध जोपासणारी संघटना' म्हणून नोंदणी सक्तीची. राजधानी तिबिलिसीत रस्त्यावर उतरलेले लोक त्याला सरळ 'रशियन कायदा' म्हणत होते.

जुनापिंपळ:
'हितसंबंध' नको. मराठीत त्या शब्दाला आधीच संशयाचा वास आहे. नुसतं 'हित' लिहा.

आडवाट:
कायदा करणाऱ्यांना तो संशयच हवा होता. तो पुसायचा अधिकार अनुवादकाला कुणी दिला?